भिंतीतले उंदीर आणि आढ्याची मुडी

टाळ जरा खाली ठेवा मंडळी. मृदंगबुवा, तुम्हीही हात टेका, आता आख्यान! आणि त्या मागच्या आजोबांना कुणीतरी हलवा हो, त्यांची पूर्वरंगातच समाधी लागलीय!

ऐका. एक प्रश्न विचारतो. देवाचे आभार मानणं सोपं की अवघड? सोपं! देव काही उलटून बोलत नाही. हात जोडले, कपाळ टेकलं, झालं काम. पाहुण्याचे आभार? तेही सोपं, तो उद्या आपल्या गावी जाणार. पण ज्याच्याशी आपण बोलत नाही, जो समोरून आला की आपण मुद्दाम चपलेचा अंगठा बघत बसतो — त्यानंच आपल्यावर उपकार केलेला असला तर? त्याचे आभार कसे मानायचे? सांगा बरं!

... बघा! आता कसे सगळे छताकडं बघायला लागले!

तर ऐका. सावित्री नदीच्या काठाला एक वाडी. तिथं दोन भाऊ. थोरला केरबा, धाकटा शिदू. गरीब माणसं, बैलांसारखी राबणारी आणि बैलांइतकीच बोलणारी. घरात बोलायचं काम कुणाचं? बायकांचं! थोरली जाऊ यमुना आणि धाकटी ठकू. ठकू नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला भात शिजवता येत नव्हता हो. यमुनेनं तिला हाताला धरून सगळं शिकवलं. चूल सारवायची कशी, भाताची रोपं लावायच्या जागी पालापाचोळा जाळून राब भाजायचा कसा, बी राखायचं कसं... दोघी एका ताटात जेवायच्या.

आणि मग भांडल्या! कशावरून? जमिनीवरून? नाही. दागिन्यावरून? छे! फणसावरून, मंडळी! ठकूच्या माहेरचा भाऊ आला होता. घरात दोन फणस पिकलेले, एक कापा, खुसखुशीत गऱ्यांचा, आणि एक बरका, गिळगिळीत. यमुनेनं पाहुण्यापुढं ठेवला बरका, आणि कापा ठेवला माजघरात झाकून! हसू नका! तुमच्याकडं कुठला फणस पुढं ठेवतात ते मला ठाऊक आहे, मी दरवर्षी येतो!

झालं. शब्दानं शब्द वाढला. ठकू म्हणाली, "माझा भाऊ भिकारी आहे काय?" यमुना म्हणाली, "मी नसते तर तुला फणस फोडता तरी आला असता काय?" त्या दिवसापासून चूल वेगळी. आणि वाटणी तरी कशी? उखळ थोरलीकडं, मुसळ धाकटीकडं! आता कांडा काय कांडायचं ते!

पण यमुनेचं तेवढ्यानं भागेना. सुगीच्या दिवसांत नवऱ्याला म्हणाली, "अहो, माजघरात भिंत घाला. मला तिचं तोंड दिसता कामा नये."

आता बायाबापड्यांनो, तुम्हाला माहीत आहे, मातीची भिंत घालायची तर माती आधी भिजवावी लागते. त्यात पेंढा बारीक चिरून घालायचा, पायांनी तुडवायचा आणि पंधरा दिवस कुजू द्यायचा. केरबा म्हणाला, "अगं, माती मुरू दे की." यमुना म्हणाली, "पंधरा दिवस? पंधरा दिवस मी तिला बघू? उद्या घाला!" रागाला कुठं धीर असतो, मंडळी? केरबानं खळ्यावरचा पेंढा उचलला, न झोडलेला, लोंब्यांसकट! तसाच मातीत कोंबला आणि चार दिवसांत भिंत उभी केली. छताला टेकायच्या आत माती संपली, म्हणून वर हातभर फट राहिली. तीही तशीच ठेवली, रागच तेवढा होता!

आणि अलीकडं यमुनेनं काय केलं? बुरुडाकडून धान्य साठवायला बांबूची नवी कणगी आणवली. ही एवढी! गाभण म्हैस बसावी तेवढी! आजवर घरातलं बी कसं राखलं जायचं? पेंढ्याच्या जाड वेण्या वळायच्या, त्यात भात भरून गोल गच्च गाठोडं बांधायचं, त्याला म्हणायचं मुडी. ती चुलीच्या वर आढ्याला टांगायची. खालून रोज धूर लागतो. कीड नाही, ओल नाही, उंदीर नाही. पण टांगलेली मुडी दिसते केवढी? एवढीशी! यमुनेला ते कमीपणाचं वाटलं. तिनं सासऱ्यांचं रायभोग भाताचं बी कणगीत ओतलं, आणि कणगी ठेवली कुठं? त्या भिंतीला लावून! कशाला? ओतताना सळसळ आवाज पलीकडं जावा म्हणून! ठकूनं ऐकावं म्हणून!

ऐकलं! पण ठकूनं नाही. दुसऱ्याच कुणीतरी ऐकलं!

चार वर्षं गेली. दर वर्षी पेरायचं आणि नवं बी पुन्हा कणगीत भरायचं. पहिल्या वर्षी एक उंदीर दिसला. यमुना म्हणाली, "असतो एखादा." दुसऱ्या वर्षी लुगड्याला भोक. तिसऱ्या वर्षी तर हे महाशय देवघरातला नैवेद्य उचलायला लागले! देवाच्या आधी! यमुनेनं काय काय केलं! बिळात काचेचा चुरा आणि शेण कालवून भरलं. सापळा आणला, त्यात भाकरीचा तुकडा अडकवला. एक धरला! आणि मग तिनं काय करावं? सापळा उचलला आणि भिंतीवरच्या फटीतून उंदीर पलीकडं ठकूच्या घरात सोडून दिला! वर बोलली, "जा बाबा, जिचा आहेस तिच्याकडं जा!"

आणि मंडळी, तो बिचारा पलीकडं पडला, भिंतीत शिरला आणि यमुना सापळा खाली ठेवते न ठेवते तोच अलीकडं हजर! तिला वाटलं हा दुसरा! पुन्हा धरला. पुन्हा सोडला. महिनाभर त्या एका उंदरानं इतक्या फेऱ्या मारल्या, आपल्या यष्टीनं मारल्या नसतील!

"तिनंच पाळलेत!" यमुना नवऱ्याला सांगायची. "माझं घर खायला सोडलेत!" आपल्या घरात काही बिघडलं की पहिलं बोट पलीकडं जातं. माझंही जातं, लाजायचं कशाला.

म्हणा — रामकृष्णहरी! जोरात! उंदरांनासुद्धा ऐकू गेलं पाहिजे!

आता ऐका, इथं हसणं संपलं.

वैशाख सरत आला. राब भाजून झाला. पेरणीचं रोहिणी नक्षत्र आठ दिवसांवर. यमुना बी काढायला बसली. कणगीच्या वरचं शेणाचं लिंपण फोडलं, आत हात घातला... हात खाली गेला, अजून खाली गेला, खांद्यापर्यंत गेला. वर आलं काय? फोलपटं. नुसती फोलपटं आणि लेंड्या.

मंडळी, रायभोगाचं ते बी बाजारात मिळणारं नव्हतं. सासऱ्यांच्या आजोबांपासून त्या घरात चालत आलेलं. शिजलं की तीन घरं पलीकडं वास जायचा. सासरे जाताना यमुनेचा हात धरून म्हणाले होते, "सूनबाई, सोनं गेलं तरी चालेल, बी जाऊ देऊ नको." आणि ते गेलं! तिच्या हातून! तिनं फोलपटं सुपात घेतली, पाखडली, पुन्हा पाखडली. अख्ख्या कणगीतून ओंजळभर दाणे निघाले. तिनं पदर तोंडात घातला आणि रडली. आवाज होऊ नये म्हणून पदर, कारण पलीकडं ठकू होती ना!

केरबा आला. त्यानं कणगी बाजूला ओढली. मागं भिंतीला ही एवढी भगदाडं! त्यानं रागानं पहार घातली. पहिल्याच घावाला ढेकूळ निखळलं, आणि आतून काय बाहेर यावं? पेंढा! लोंब्या! घरटी! गुलाबी पिल्लं! चार वर्षांपूर्वी घाईत कोंबलेल्या त्या लोंब्यांवर उंदरांचा अख्खा गाव वसला होता! भिंत कसली, धान्याचं कोठार बांधून दिलं होतं त्यांना. आणि ते कोठार संपलं तेव्हा शेजारी कणगी तयार! तिथवर जायला त्यांना भिंतीबाहेरही यावं लागलं नाही.

केरबानं पहार खाली ठेवली. म्हणाला, "यमुने, ठकूनं नाही पाळले. आपण पाळले."

आणि तेवढ्यात, त्या भगदाडात, पलीकडून, एक चेहरा!

ठकू! गुडघ्यांवर बसलेली. चार वर्षांनी दोघी जावा एकमेकींना बघतायत, तेही उंदराच्या बिळातून! पिल्लं मध्ये वळवळतायत!

ठकू म्हणाली, "अक्का, का रडताय?"

आता यमुनेनं काय म्हणावं? चार वर्षं पाठ केलेल्या शिव्या होत्या हो तिच्याकडं! पण तोंडातून एवढंच आलं, "ठके... बी गेलं गं. मामंजींचं बी गेलं."

ठकू उठली. तडक आत गेली. यमुनेला वाटलं, गेली! हसायला गेली! पण ठकू चुलीपाशी गेली. वर आढ्याला मुड्या टांगलेल्या, धुरानं काळ्या कुळकुळीत झालेल्या. वाटणीत तिच्या वाट्यालाही रायभोग आला होता ना! तिनं दर वर्षी पेरला, दर वर्षी राखला. एक मुडी सोडली, उचलून आणली. भगदाडातून सरकवायला गेली, मुडी मोठी, भोक लहान. मग ती पलीकडून माती ओढायला लागली, यमुना अलीकडून ओढायला लागली. नखांत माती, पदर मातीत. भिंत वेडीवाकडी ढासळली, उंदरांची पळापळ झाली, आणि मुडी यमुनेच्या मांडीवर आली!

यमुना म्हणाली, "तुझ्या मुडीला उंदीर कसा नाही लागला गं?"

ठकू म्हणाली, "अक्का, असं काय विचारताय? मुडी कुणी शिकवली मला? लग्न होऊन आले तेव्हा पहिली मुडी तुम्ही माझे हात धरून वळून घेतलीत. म्हणालात, ठके, वेणी सैल सोडू नको आणि चुलीच्या धुराबाहेर टांगू नको. रोज सकाळी चूल पेटवते, धूर वर जातो, मी वर बघते आणि मनात म्हणते, अक्कांनी शिकवलं म्हणून माझं बी राहिलं. चार वर्षं म्हणतेय. तुम्हाला ऐकू येत नव्हतं एवढंच. मध्ये भिंत होती."

अहाहा! मंडळी, ऐकलंत? जिला यमुना चार वर्षं शिव्या देत होती, ती चार वर्षं रोज सकाळी तिचे आभार मानत होती! जी शिकवणारी होती तीच विसरली, आणि शिकणारीनं जपलं! सांगा, हे ऐकून यमुनेचं काय झालं असेल? तिला 'उपकार झाले' म्हणता येईना. शेवटी ठकूच्या डोक्यावरची माती पदरानं झटकत बसली. माणसाला शब्द येत नाहीत तेव्हा हात असं काहीतरी करतात.

रोहिणी लागली. त्या वाडीत रीत होती, बियाची पहिली मूठ घरातल्या थोरल्या बाईनं टाकायची. यमुनेनं मूठ भरली, आणि शेताच्या बांधावर सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं म्हणाली, "ठके, तुझ्यामुळं माझं शेत या वर्षी हिरवं होणार. पहिली मूठ तुझी." ठकूनं मूठ घेतली. पण एकटीनं नाही टाकली. यमुनेचा हात हातात धरून टाकली. जसा कधीकाळी यमुनेनं तिचा धरला होता तसाच.

गोष्ट संपली. आता तुम्ही म्हणाल, बुवा, आरती घ्या, पोळ्या थंड होतायत. थांबा!

आधी माझं सांगतो. हे डोक्यावरचं पागोटं बघा. बांधायला कुणी शिकवलं? माझ्या थोरल्या गुरुबंधूंनी. अकरा वर्षं मी त्यांच्याशी बोललो नव्हतो. कशावरून? कुणाचं कीर्तन आधी, कुणाचं नंतर! आमचाही फणसच तो! आणि मी गावोगाव हेच आख्यान सांगत फिरत होतो, लाज वाटत नव्हती मला! गेल्या माघात गेलो. म्हणालो, "दादा, पागोटं तुमच्यामुळं बांधता येतं." ते म्हणाले, "आधी बस. चुकीचं बांधलंयस." आणि सोडून पुन्हा बांधून दिलं! मी रडलो हो, तिथंच पाटावर बसून रडलो.

तेव्हा मंडळी, आता तुम्ही. नांगर धरायला, भाकरी थापायला, सही करायला, पोहायला... कुणी ना कुणी तुम्हाला शिकवलंय. आणि त्यातल्या एखाद्याशी तुम्ही बोलत नाही. आणि गाव लहान आहे — तो माणूस आत्ता इथंच बसलाय! मान हलवू नका, मला इथून सगळं दिसतं! पुरुष इकडं, बायका तिकडं, आणि मध्ये कोण कुणाकडं पाठ करून बसलंय तेही दिसतं!

आरतीचं तबक खाली ठेवा. कापूर नंतर लावू. मृदंगबुवा, हात नका लावू. एक तरी माणूस उठेपर्यंत मी आरती म्हणणार नाही. देव थांबेल. त्याला सवय आहे थांबायची.

...

कोण ते? खांबाजवळ? अहो, उठा, उठा! काठी द्या त्यांना कुणीतरी. बसलेल्यांनो, पाय आखडा.

वाट द्या, मंडळी. वाट द्या त्यांना!