पाचव्या पिलाची नोंद

मोठ्या बाई : ...आणि हे सगळं जेवणाच्या टेबलावर, नव्या व्याह्यांसमोर. अध्यक्षांची नात त्यांना म्हणते, आजोबा, तुम्ही आज शिपाईमामांना खाल्लंत. कसे लागले?

सर : "कसे लागले" असं ती म्हणाली नसेल, बाई. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच बोलायचं, असं मी शिकवलंय. चव कॅमेऱ्यात दिसत नाही.

मोठ्या बाई : बसा. पाणी प्या. सकाळी सात वाजता अध्यक्षांचा फोन आला. वीस मिनिटं बोलले, त्यातली बारा मिनिटं घुबड या एका शब्दावर.

सर : ते घुबडच आहे. मी काय करणार?

मोठ्या बाई : साडेअकराला तिसरा तास. त्याआधी मला त्यांना लेखी कळवायचंय. पहिल्यापासून सांगा, आणि मी वर्गात नसते हे धरून सांगा.

सर : सातवीला प्राण्यांचं वर्तन शिकवायचंय. त्यासाठी आपल्याकडे अध्यक्षांच्या भाच्यानं बनवलेलं कार्टून फिल्मचं पॅकेज आहे. त्यात जठर टोपी घालून गाणं म्हणतं. सिंह आणि हरीण एकाच पाणवठ्यावर येऊन स्वच्छतेचं महत्त्व सांगतात. प्रजननाचा धडा आला की एक फुलपाखरू येतं आणि पडदा काळा होतो. मुलं विचारतात, सर, वीज गेली का?

मोठ्या बाई : भाच्याचं नंतर. घुबडाचं सांगा.

सर : मग मी एक संकेतस्थळ शोधलं. फुकट आहे. दूरच्या कुठल्याशा देशात एका धान्यकोठाराच्या माळ्यावर घुबडाचं घरटं आहे, तिथे कॅमेरा लावलाय. चोवीस तास थेट दिसतं. आपला तिसरा तास असतो तेव्हा तिकडे रात्र असते, म्हणजे घुबडांची कामाची वेळ. वर्गाची एक वही केली. रोज एका मुलानं नोंद करायची. वेळ, काय दिसलं, कोणी केलं. मत नाही, विशेषणं नाहीत. एकेचाळीस दिवस झाले, एकही दिवस चुकलेला नाही. याच वर्गाची गृहपाठाची वही मागा, निम्म्यांच्या घरी कुत्रा असतो आणि तो वह्याच खातो.

मोठ्या बाई : आणि नावं?

सर : नावं ही माझी चूक. अंडी एकदम फुटत नाहीत, दोन-दोन दिवसांनी फुटतात. पिलं पाच. मी म्हटलं, जन्माच्या क्रमानं नावं द्या, म्हणजे गोंधळ व्हायचा नाही. संगणक खोलीसमोर तुमचा तो फलक आहे, संस्थेचे पदाधिकारी व कर्मचारी. मुलांनी वरून खाली उतरवून घेतलं.

मोठ्या बाई : म्हणजे पहिले अध्यक्ष.

सर : दुसऱ्या तुम्ही. तिसरे हेडक्लार्क, चौथे खेळाचे सर, पाचवे शिपाईमामा.

मोठ्या बाई : तुमचं नाव नाही.

सर : फलकावर कायम झालेल्यांचीच नावं असतात, बाई.

मोठ्या बाई : हं. त्यावरच येतेय. अध्यक्षांच्या तीन अटी आहेत. ते स्थळ आजपासून बंद, पॅकेज सुरू. वहीतलं ते पान फाडायचं. आणि तुम्ही सहीनिशी लिहून द्यायचं की असा कोणताही प्रकार वर्गात दाखवला गेला नाही. सोमवारी बैठक आहे. तुम्हाला कायम करायच्या कागदावर त्यांची सही लागते.

सर : माहितीये. घरी वडिलांना सांगून बसलोय. त्यांनी आत्याला सांगितलं. आता कोणाला माहीत नाही असा नातेवाईक उरलेला नाही.

मोठ्या बाई : मग?

सर : द्या कागद. लिहितो.

मोठ्या बाई : लगेच?

सर : विचार करायला बसलो तर लिहिणार नाही. काय लिहू? "अध्यक्षांनी कोणालाही खाल्लेलं नाही"?

मोठ्या बाई : नाव घालू नका, विनोद होईल. या, मामा. चहा ठेवा तिथे. तुम्हाला कळलंच असेल.

मामा : कळायचं काय, बाई. सकाळपासून गेटवर हेच चाललंय. पोस्टमन मला चिमटा काढून गेला, म्हणे खात्री करून घेतो. माझी बायको म्हणाली, एवढा हाडकुळा माणूस खाऊन त्यांचं पोट तरी भरलं का?

मोठ्या बाई : तुम्हाला वाईट वाटलं असेल तर तसं सांगा. मी पत्रात घालेन.

मामा : मला कशाला वाईट वाटेल? माझं ते पिलू जन्मापासून मागेच होतं. सकाळी खोली झाडायला गेलो की मी पडदा लावून बघतो. बाप उंदीर घेऊन आला की साहेब सगळ्यांना ढकलून पुढे. मग तुम्ही. हेडक्लार्क मधूनच तोंड घालणार. माझ्यापर्यंत शेपूटसुद्धा यायचं नाही. मुलांनी नावं बरोबर दिली म्हणायची.

सर : मामा, आत्ता नको.

मोठ्या बाई : बोलू द्या. अध्यक्षांनी मारलं कसं? चोचीनं?

मामा : मारलं कोणी? मारलं नाही हो.

मोठ्या बाई : फोनवर ते स्वतःच म्हणाले. "सगळी शाळा म्हणतेय की मी मारून खाल्लं."

मामा : शाळेला काय, ती काहीही म्हणते. तिकडे दोन रात्री पाऊस लागला होता. बाप फिरकलाच नाही. माझं पिलू परवाच मान टाकून पडलं.

मोठ्या बाई : सर, ही वही तुम्ही वाचलीत?

सर : कालचं पान नाही. तास सुटला आणि अर्धा वर्ग रडत होता. मी त्यांना पाणी पाजत होतो.

मोठ्या बाई : हे अक्षर कोणाचं?

सर : काल नोंदीची पाळी तिचीच होती. नातीची.

मोठ्या बाई : ऐका. "अकरा चाळीस. शिपाईमामा कालच्या तासापासून त्याच जागी आहेत. श्वास दिसत नाही. अकरा अठ्ठेचाळीस. अध्यक्षांनी त्यांना चोचीनं दोनदा हलवलं. मामा हलले नाहीत. अकरा एक्कावन्न. अध्यक्षांनी खायला सुरुवात केली. बारा चार. पाय शेवटी. हेडक्लार्कनी मागितलं, मिळालं नाही." आणि मी? माझं काहीच नाही यात.

सर : खाली असेल. रोज प्रत्येकाची एक ओळ असते.

मोठ्या बाई : "मोठ्या बाई कोपऱ्यात डोळे मिटून होत्या."

मामा : साडेपाच मिनिटं तरी. मीही दारातून बघत होतो.

मोठ्या बाई : मामा, चहा गार होतोय तुमचा. सर, तुम्ही काय लिहिलंत इतक्या वेळात?

सर : "सातवीच्या वर्गात काल कोणताही." एवढंच. पुढचा शब्द सुचत नाही.

मोठ्या बाई : द्या इकडे तो कागद. बावीस वर्षं मी हाच विषय शिकवला. बेडूक कापला, फुलं कापली, झुरळाची मुखांगं काचपट्टीवर लावली. इतकी स्वच्छ नोंद मला एकाही पोरानं लिहून दिली नाही. आणि ही आजोबांबद्दल लिहितेय, तरी एक शब्द इकडचा तिकडे नाही.

सर : पण ते म्हणतायत की फाडा.

मोठ्या बाई : फाडलं तर उरतं काय? गेटवर चाललंय ते. आपल्या अध्यक्षांनी शिपायाला मारून खाल्लं. ते खोटं आहे असं सांगणारा जगात एकच कागद आहे, आणि तो त्यांच्याच नातीच्या अक्षरात आहे. त्यांनी आधी हलवून पाहिलं. तीन मिनिटं थांबले. मग खाल्लं. बिचाऱ्याला याहून चांगलं प्रशस्तिपत्र कोण देणार?

मामा : आणि दोन दिवसांचा उपाशी होता, हेही लिहा. माझी तक्रार नाही.

मोठ्या बाई : लिहिते. "पानाची खरी प्रत सोबत जोडली आहे. मूळ पान वहीत राहील. स्थळ सर्व पिलं उडून जाईपर्यंत सुरू राहील." उडायला किती दिवस?

सर : तीन आठवडे. बाई, सोमवारी त्यांनी सही केली नाही तर?

मोठ्या बाई : तर मंगळवारी मी तुमची फाइल पुन्हा घेऊन जाईन. त्यांनी परत पाठवली की पुढच्या मंगळवारी. मला निवृत्त व्हायला अजून सात महिने आहेत, आणि मंगळवारी मला दुसरं काही काम नसतं.

सर : आणि वडिलांना काय सांगू?

मोठ्या बाई : खरं ते सांगा. आत्याला सांगायची तसदी त्यांना पडणार नाही, तिला आधीच कळलेलं असेल.

[तासाची घंटा होते.]

मामा : बाई, अजून एक. ती पोरगी बाहेर उभी आहे केव्हाची. आजोबांनी बजावलंय, स्वतःच्या हातानं फाड. हातात पट्टी घेऊन आलीय. म्हणते, फाडायचंच तर सरळ फाडते, म्हणजे मागची पानं सुटणार नाहीत.

मोठ्या बाई : रडतेय?

मामा : नाही. किती वाजले ते विचारत होती.

मोठ्या बाई : ही वही द्या तिच्या हातात. म्हणावं, वर्गात जा. तास सुरू झालाय, आज ज्याची पाळी असेल त्याला पुढचं पान लागेल.