पाच चाळीसची नोंद

मी, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (डोंगररस्त्याच्या चौकीवर नोंदणी लिपिक), राहणार चौकीमागील कर्मचारी खोल्या, खोली क्रमांक ४, आज बुधवारी दुपारी दोन वाजता ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की,

आमच्या चौकीपासून चौतीस किलोमीटरचा कच्चा रस्ता निघतो आणि डोंगराला वळसा घालून पुन्हा चौकीवरच येतो. वाटेत पाहण्याच्या नऊ जागा आहेत. दगडी हत्यारे सापडलेला ओढा, आदिमानवाच्या चित्रांची कपार, पडका टेहळणी बुरूज, जुनी टपालचौकी वगैरे. या रस्त्यावर मोबाइल कुठेच लागत नाही. म्हणून गाडी आत जाताना मी नंबर आणि वेळ लिहिते, परतताना वेळ लिहून सही घेते. संध्याकाळी एखाद्या गाडीची जागा कोरी राहिली तर जीप पाठवायची, असा नियम आहे.

बरेच लोक परतताना थांबत नाहीत. हॉर्न वाजवून सुसाट निघून जातात. सुरुवातीला मी दोनदा जीप पाठवली. दोन्ही वेळा गाडीवाले आपापल्या घरी जेवत बसले होते. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. तेव्हापासून कोरी जागा मीच भरते. याला सहा वर्षे झाली. माझ्या नोंदवहीत कोरी जागा नाही की खाडाखोड नाही, याचा मला तोरा होता.

सोमवारी अकरा गाड्या आत गेल्या. पैकी मास्तरांची राखाडी गाडी ९.१० ला. मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, वय अडुसष्ट. दर महिन्याला एकटेच येत. कपारीतल्या चित्रांचे त्यांना वेड होते. जाताना म्हणत, दगड मोजून ठेवा ताई, येताना माझी झडती घ्या. सोमवारीही म्हणाले.

संध्याकाळी दहाच सह्या झाल्या होत्या. मास्तरांची जागा कोरी होती. हॉर्न मी ऐकला नव्हता. सही न करता जाणाऱ्यांतले मास्तर नव्हते, हेही मला ठाऊक होते. पण दुसऱ्या दिवशी सुट्टी, जीपवाला घरी जायला निघालेला, त्याने तोंड वाकडे केले असते. मी पाणी भरायला गेले तेव्हा मास्तर गेले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ५.४० लिहिले आणि सहीच्या जागी एक रेघोटी ओढली.

रात्री आठ वाजता चौकीच्या फोनवर मास्तरीणबाईंचा फोन आला. मास्तर पोचले नव्हते. मी नोंदवही बघून, मास्तर पाच चाळीसला बाहेर पडले, असे सांगितले. त्यांनी माझे आभार मानले.

मंगळवारी रस्ता बंद असतो, आत कोणी जात नाही. सकाळी अकराला हवालदार आले. गाडी बाहेर जाताना तुम्ही स्वतः पाहिली का, असे त्यांनी विचारले. मास्तर आतच आहेत हे मला तेव्हाच लख्ख कळले. आपली नोकरी जाईल, हेही कळले.

मी म्हणाले, "पाहिली. त्यांनी खिडकीतून हात केला."

हात केल्याचे मला कोणी विचारले नव्हते. हवालदारांनी चार ओळी लिहून घेतल्या. त्यानंतर सगळा शोध हमरस्त्यावर, दवाखान्यांत आणि नदीच्या पुलाखाली झाला.

पाच वाजता मास्तरीणबाई स्वतः आल्या. नोंद त्यांना डोळ्यांनी पाहायची होती. मास्तरांचे दुसरीकडे बिऱ्हाड असेल, असे शेजारी कुजबुजत होते. माझ्या रेघोटीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "किती घाईत केली आहे हो सही. मला टाळायचं होतं का त्यांना?"

मी त्यांना चहा दिला. खरे सांगितले नाही.

आज सकाळी सहाला मी साहेबांच्या दारावर गेले आणि सगळे सांगितले. ते म्हणाले, आधी शोधू, बाकीचे मागाहून बघू. मी जीपमध्ये सोबत गेले. ७.२५ ला कपारीच्या पाटीजवळ गाडी दिसली. तिथून पायवाटेने वीस मिनिटांवर, कातळाखाली मास्तर सापडले. खुब्याचे हाड मोडले होते. पाण्याची बाटली रिकामी होती. आज पहाटे केव्हातरी गेले, असे डॉक्टरांचे म्हणणे आहे.

त्यांच्या हाताशी चित्रवही होती. शेवटच्या पानावर कपारीतली हरणांची रांग होती, रेषा थरथरलेल्या. खाली वेळ घातली होती, मंगळवार, दुपारी ४.१०. मी सकाळी अकराला खरे बोलले असते तर ते वाचले असते. पाचला बोलले असते तरी कदाचित वाचले असते.

रेघोटी मास्तरांची नाही, माझी आहे, ते कोणालाही टाळत नव्हते, हे मास्तरीणबाईंना ठाण्यातून कळवावे. त्यांच्यासमोर उभी राहण्याची माझी हिंमत नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच बरोबर आहे. मंगळवारचा जबाबही मला असाच वाचून दाखवला होता, आणि तोही बरोबर आहे असे मी म्हटले होते.