केशरी बाजूवर उभी

मी, कोसिएत्सिले रामोत्ल्वा, वय ४८ वर्षे, धंदा गाडी चालवायला शिकवणे, राहणार पालाप्ये, बसथांब्याच्या मागे. समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

सर्वप्रथम, मला ज्या बाकावर बसवले आहे त्याचा एक पाय आखूड आहे. खरे बोलणारा माणूसही त्यावर घसरल्यासारखा दिसतो. ही तक्रार नोंदवावी अशी विनंती केली असता जबाब लिहून घेणाऱ्या सार्जंट बाईंनी "नोंदवली, आता मुद्द्यावर या" असे सांगितले. सबब मुद्द्यावर येतो.

मी पालाप्येच्या सॉफ्टबॉल संघात पहिल्या बेसवर असतो. आमच्या स्पर्धेत बायका-पुरुष एकत्र खेळतात. शनिवारी दुपारी महालाप्ये गावच्या संघाशी शेवटचा सामना होता. त्यांच्याकडून सेइपाती मोएंग खेळत होत्या. त्या गुरांच्या लसीकरण खात्यात आहेत. त्यांची दूर उत्तरेला मौन नावाच्या गावी बदली झाली असून त्या रविवारी पहाटे निघणार होत्या. हे मला कसे ठाऊक, असे विचारल्यावरून सांगतो की सगळ्यांनाच ठाऊक होते.

आमचा पहिला बेस, म्हणजे पळणाऱ्याने गाठायची पहिली पाटी, जोड आहे, हे सार्जंट बाईंना समजावून द्यावे लागले. पांढरा भाग मैदानाच्या आत, त्याला चिकटून केशरी भाग रेषेबाहेर. फटका मारून पळत येणाऱ्याने केशरीवर पाय द्यायचा, चेंडू झेलणाऱ्याने पांढऱ्यावर. दोघे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून ही सोय. पळणारी वेगात पुढे गेली तरी चालते, पण परत येऊन उभे राहायचे ते पांढऱ्यावरच. परतल्यावर केशरीवर उभी राहिली आणि तिला चेंडू लावला, की ती आउट.

पूर्वी आमच्याकडे एकच बेस होता. त्या काळी सेइपाती बाई पळत येऊन माझ्यावर आदळल्या. त्यांचा घोटा मोडला. शिकवणीच्या गाडीतून मीच त्यांना दवाखान्यात नेले. प्लॅस्टर निघेपर्यंत मी वरचेवर महालाप्येला जात असे, कारण तिकडे माझे शिकाऊ उमेदवार होते. ते किती होते याचा या प्रकरणाशी संबंध नाही. पुढे संघटनेने जोड बेस बसवला. तेव्हापासून कोणी कोणावर आदळलेले नाही.

शनिवारी शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचा एकच गडी बाद व्हायचा राहिला होता. सेइपाती बाईंनी फटका मारला. चेंडू माझ्याकडे येण्याआधी त्यांनी केशरी ओलांडला, पुढे गेल्या, परत आल्या आणि दोन्ही पाय केशरीवर ठेवून उभ्या राहिल्या. चेंडू माझ्या हातात होता.

आमचा कप्तान थुसो ओरडला, "काका, लावा! केशरीवर आहे ती, लावा!"

बाई म्हणाल्या, "काय ओरडतोय हो हा?"

मी म्हणालो, "त्याचा आवाजच तसा आहे."

"मौनला खेळतात का हो कोणी?"

"तिथे मगरी आहेत. सगळेच पळतात."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मग या की मास्तर तिकडे शिकवायला."

मी म्हणालो, "तिकडचे रस्ते रेताड आहेत."

हे उत्तर का दिले, असे विचारल्यावरून सांगतो की दुसरे सुचले नाही.

मग त्यांनी खाली पाहिले. "अगंबाई!" म्हणून पांढऱ्यावर आल्या. "तुम्हाला दिसलं नाही?"

मी म्हणालो, "धूळ फार आहे."

चेंडू लावला असता तर सामना तिथेच संपला असता आणि त्यांच्या संघाची बस लगेच निघाली असती. मी चेंडू आमच्या गोलंदाजाकडे परत टाकला. पुढच्या बाईने तो कुंपणापार मारला. सेइपाती बाई पळत निघून गेल्या, दोघींच्या मिळून दोन धावा झाल्या आणि आम्ही हरलो.

थुसो अंगावर आला. "काय हो, अंडं उबवत होता का हातात?" असे म्हणून त्याने हेल्मेट फेकले. माझी भुवई फाटली. सेइपाती बाई बसमधून खाली उतरल्या, त्यांनी गळ्यातला रुमाल सोडून माझ्या कपाळाला बांधला. म्हणाल्या, "दाबून धरा." बसवाल्याने भोंगा वाजवला. त्या गेल्या.

दवाखान्याने जखमेची खबर ठाण्याला दिली, म्हणून मी इथे आहे. थुसोविरुद्ध माझी काही फिर्याद नाही. बाई नियमाने आउट होत्या. ते त्याच्याआधी मला दिसले होते.

रक्ताचा रुमाल पुरावा म्हणून हजर करावा असे सांगण्यात आले. तो हजर करता येणार नाही. काल धुतला, इस्त्री केली आणि महालाप्येला त्यांच्या बहिणीकडे पोचता केला. बहीण म्हणाली, "अहो, राहू द्यायचा होता." मी म्हणालो, दुसऱ्याची वस्तू आहे.

हा जबाब सार्जंट बाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. मी जेवढे सांगितले तेवढे त्यात बरोबर उतरले आहे. सही करतो.