दुसऱ्या मनगटाचा वास

तारामती: तिथंच थांब. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं न्हाई. सैपाकघरात तर न्हाईच न्हाई.

राजमती: आत्ती, कालपासनं पडवीत बसवलंय मला. दोन वर्षांनी घरी आले, तर सुनेच्या ओंजळीत वरनं पाणी ओतताय.

तारामती: मग काय ओवाळू तुला? बेळगावला मास्तरीण व्हायला धाडली, अन् ही बया गोऱ्यांच्या क्यांपात जाऊन अंडं खाऊन आली! आपल्या जैनात कांदा चिरताना चारदा इचार करत्यात, अन् तू अंडं?

राजमती: मी अंडं खाल्लेलं नाही. काल तीनदा सांगितलं, आता चौथ्यांदा सांगते.

तारामती: काल मोटारीतनं उतरलीस तवा शेजारची मालुबाई तुझ्याजवळ आलती का न्हाई? तिनं मला बाजूला घिऊन सांगितलं. म्हणाली, तारामती, सुनंच्या अंगाला क्यांपातल्या बेकरीचा वास मारतोय गं. बेकरीत केक, अन् केकात अंडं. झालं की!

राजमती: मालुबाईंना बेकरीचा वास बरा पाठ आहे.

तारामती: तिचा दादला गोऱ्यांच्या पलटणीला भाजी पुरवतोय. लढाई लागल्यापासनं तिच्या चार खेपा झाल्यात क्यांपात. लांबनं गेलती ती, रस्त्याच्या पल्याड.

राजमती: मी पण लांबनंच गेले. पण मला लांबनं गेलेलं चालत नाही, व्हय ना?

शांतिनाथ: साकु, साकु. पुरं करा दोघी बी. रस्त्यावर ऐकू जातंय.

तारामती: जाऊ द्या की. आता काय झाकायचं राह्यलंय? मालुबाईनं गावभर केलंय.

शांतिनाथ: तेच सांगाय आलोय. राजमती, पोरी, इकडं बघ. बसदीच्या देवळात पंच जमल्यात. अभिषेक झाला की तुला बोलवणार. देवापुढं उभं राह्याचं अन् म्हणायचं, चूक झाली. पंडित सांगतील तेवढं उपास धरायचं. मिटलं.

राजमती: कसली चूक, मामा?

शांतिनाथ: अंडं खाल्ल्याची.

राजमती: खाल्लं नसताना?

शांतिनाथ: खाल्लं का न्हाई, ते आता कोण बघतंय? चार मिनिटं मान खाली घालायची. सोमवारपासनं तुझी पोरींची शाळा हाय. न्हाई म्हणालीस तर एक आई आपली पोर तुझ्या हाताखाली धाडायची न्हाई. दोन वर्षं शिकलीस ते पाण्यात.

राजमती: आणि हो म्हणाले, तर त्या पोरींना पहिल्या दिवशी काय शिकवू? खोटं कसं बोलायचं, तेवढंच येतं मला, बसा गं खाली?

तारामती: बघा, बघा जीभ! बेळगावच्या मोटारीतनं ही न्हवं, हिची जीभच उतरलीया.

शांतिनाथ: वास तर येतोय ना, बाई. मला बी दारातनं येतोय. खोटं कसं म्हणू?

राजमती: वास आहे. तो मी कुठं नाकारला? पण तो केकाचा नाही. अत्तराचा आहे. ही बघा बाटली.

तारामती: अगं बया बया! अत्तर? माझा ल्योक पार्श्वा जाऊन चार वर्षं झाली. आता कुणासाठी लावतीस गं अत्तर?

राजमती: माझ्यासाठी.

तारामती: म्हंजे?

राजमती: म्हणजे माझ्यासाठीच, आत्ती. माझं नाक माझ्याच तोंडावर आहे ना?

शांतिनाथ: कुणी दिलं?

राजमती: मीच घेतलं. परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी. क्यांपाच्या कोपऱ्यावर एक म्हातारा अत्तरवाला बसतो. त्याला आधी विचारलं, बाबा, ह्यात दारू आहे का? तो म्हणाला, तेलातलं आहे. मग विचारलं, जनावराचं काही? म्हणाला, नाही, वेलीची शेंग आहे. तेवढं विचारूनच हात लावला. माझा धर्म मी क्यांपात टाकून आले नाही.

तारामती: कसली शेंग? शेवग्याची?

राजमती: तिला व्हॅनिला म्हणतात.

तारामती: वनीला? कुणा वनीला? तिला काय झालं?

राजमती: वनीला नव्हे आत्ती, व्हॅनिला.

तारामती: तेच म्हणतोय की मी. वनीला. सदलग्याची वनी व्हय?

शांतिनाथ: अगं, तू गप्प बस जरा. आण ती बाटली. नुसतं बूच काढ, सांडू नगंस.

तारामती: तुमी वास घेणार? अवो, अंडं असलं तर?

शांतिनाथ: तीस वर्षं तंबाखूचं पान हुंगतोय मी. डोळं झाकून सांगतोय, हे अकोळचं, हे गळतग्याचं, ह्याला पाऊस लागलाय. मला अंडं कळायचं न्हाई व्हय?... हं. आधी मिरं आलं. चावतंय नाकाला.

राजमती: मिरं, आणि मागनं लवंग. थोडं थांबा.

शांतिनाथ: थांबतोय... व्हय. आता गोड आलं. गुळाचं न्हाई. दुधाचं बी न्हाई. लई बारीक गोड हाय, हाताला लागत न्हाई. अन् त्याच्या मागं... आरं! हे पिकवलेलं हाय. कच्चं न्हवं हे.

राजमती: बोला मामा.

शांतिनाथ: ही शेंग नुसती वाळवली न्हाई कुणी. ढीग घालून, पांघरूण टाकून, ऊब दिलीया हिला. घाम काढलाय. आपण पानाचा काढतोय तसाच. घाम सुटल्याबिगर असा वास उतरत न्हाई.

राजमती: अत्तरवाल्यानं हेच सांगितलं. हिरवी असताना तिला वासच नसतो म्हणे. गरम पाण्यातनं काढतात, घोंगड्यात गुंडाळतात, रोज उन्हात घालतात, परत गुंडाळतात. महिनोन्‌महिने. काळी पडते तेव्हा कुठं बोलायला लागते.

शांतिनाथ: पानाची सख्खी बहीणच की ही.

राजमती: म्हणून तर घेतली, मामा. वसतिगृहात पहिल्या दिवशी पोरींनी नाकाला पदर लावला होता. माझ्या लुगड्याला, केसाला, वहीला सगळ्याला वखारीचा वास. मला तपकीर म्हणायच्या. तपकीर आली, शिंका आता! दोन वर्षं साबण घासत होते. आणि ह्या बाटलीचं बूच उघडलं, तर आत आपली वखार. माघातली, पान पिकल्यावरची. फक्त कुणीतरी तिला न्हाऊ-माखू घातलेलं. त्याच पोरी जवळ येऊन विचारायला लागल्या, राजमती, काय लावलंस गं? तो वास टाकून द्यायचा? का म्हणून?

शांतिनाथ: पंचांना हे कोण सांगणार? त्यास्नी नाक कुठं हाय?

राजमती: तुम्ही सांगा. तुमच्या नाकावर तर सगळा बाजार चालतो.

शांतिनाथ: मी... बघ पोरी, पंचांत आपलं सोयरं हाईत. सुनंच्या अत्तराची बाजू घिऊन सासरा उभा राह्यला, तर काय म्हणतील?

तारामती: काय म्हणतील ते म्हणतील! अत्तर असू दे न्हाईतर फित्तर असू दे. मला अंड्याचा वास येतोय म्हंजे येतोय!

राजमती: येतोय, आत्ती?

तारामती: येतोय! डोकं उठलंय कालपासनं!

राजमती: मग नीट घ्या. हे बघा माझं मनगट. तुमच्या नाकाला लावते. आहे अंडं?

तारामती: शी, शी! लांब हो! अंडंच! चांगलं सडकं अंडं!

राजमती: आत्ती, ह्या हाताला अत्तर नाही. अत्तर दुसऱ्या मनगटाला आहे.

तारामती: मग... तिथला वास इथं आला असंल.

राजमती: ह्या हातावर मघाशी चिमणी भरताना राकेल सांडलं. अजून धुतलेलं नाही. मामांना दारातनं येत असेल.

शांतिनाथ: व्हय. राकेल हाय. मी मघाधरनं मनात म्हणतोय, कुठनं येतंय.

राजमती: आत्ती?

(बसदीतली घंटा वाजायला लागते.)

शांतिनाथ: अगं तारा, राकेल हाय की हे. भपका मारतोय. तुला... तुला वास येत न्हाई?

तारामती: न्हाई येत.

शांतिनाथ: कधीपासनं?

तारामती: बारा वर्षं झाली.

शांतिनाथ: अन् मला एका शब्दानं...

तारामती: काय सांगू? वखार घातली तवा गडी मिळत न्हवतं. दोन सुगी मी चाळण मारली तंबाखूची. तोंडाला फडकं बांधून. शिंका यायच्या, रगात यायचं. मग शिंका थांबल्या, तवा मला बरं वाटलं. चार दिसांनी कळलं, वास बी थांबलाय. तुमचं नाक गावभर नावाजलं. माझं गेलं ते तुमाला कळलं बी न्हाई.

शांतिनाथ: दूध करपायचं तवा मी ओरडायचो...

तारामती: व्हय. ओरडायचासा. ज्या बाईला आमटी करपल्याली कळत न्हाई, तिच्या हातात कोण सैपाकघर देतंय? म्हणून गप्प बसलो. मालुबाईला इचारायचो, बघ गं, ही डाळ आंबली का? ती म्हणंल ते खरं. काल ती म्हणाली अंडं, मी म्हणालो अंडं.

राजमती: मला विचारायचं होतं, आत्ती.

तारामती: तुला कसं इचारू? पार्श्वा गेला तवा त्याचा सदरा घिऊन मी कोपऱ्यात बसलो. नाक खुपसलं त्यात. काय बी न्हाई. नुसतं कापड. मग तू उचललास, नाकाला लावलास, अन् तुझं डोळं भरलं. तुला माझा ल्योक घावला त्यात. मला न्हाई घावला. त्या दिसापासनं मनात राग हाय गं माझ्या तुझ्यावर. आज सांगितलं.

राजमती: तो सदरा माझ्या पेटीत आहे. अजून येतो वास. थोडा.

तारामती: कसला येतोय?

राजमती: पानाचा. घामाचा. आणि मागनं थोडा गोड. ह्या बाटलीतल्यासारखाच.

तारामती: खरं सांगतीस?

राजमती: तुम्हाला खोटं सांगायचं असतं, तर मघाशीच अंडं खाल्लं म्हणाले असते.

शांतिनाथ: घंटा थांबली. बोलवणं येईल आता. राजमती, तू... तू घरातच राहा. मी जातो. सांगतो त्यास्नी, हे अत्तर हाय, मी स्वतः हुंगलंय. काय म्हणायचं ते म्हणू देत.

राजमती: नाही मामा, मीच येणार. माझी शाळा आहे, माझं तोंड आहे. अंडं खाल्लं नाही म्हणून सांगेन, आणि अत्तर लावलंय म्हणूनही सांगेन. उद्या लावीन, परवाही लावीन. पोरी शाळेत आल्या तर आल्या. नाही आल्या, तर दारात बसून राहीन, एक येईपर्यंत.

तारामती: तुमी व्हा फुडं. आमी दोघी येतोय.

शांतिनाथ: दोघी?

तारामती: व्हय. पायताण घाला अन् चला. राजमती, आत ये. उंबरा वलांड आधी. आता ती बाटली हिकडं आण. कुठं लावत्यात?

राजमती: मनगटाला. आणि कानामागं.

तारामती: लाव मला.

राजमती: आत्ती, तुम्हाला तर वास येणार नाही.

तारामती: मला न्हाई आला तर न्हाई. त्यास्नी येऊ दे. जरा जास्तच लाव, मी मालुबाईच्या शेजारी बसणार हाय.