डावा पाय

डॉ. हर्षदा – पायाची ही जखम कशानं झाली, काका?

भिकन – माले नही माहीत, मॅडम. चादरीवर डाग दिसला, तवा पाह्यलं.

डॉ. हर्षदा – दुखलं नाही?

भिकन – नही. साखरेनं अंगठा कवाचाच बहिरा झालाय.

डॉ. हर्षदा – आणि चालताना?

भिकन – पोटरी भरून येते. थांबावं लागतं. आमच्या लिंबायत वस्तीतले लोक समजतात, भिकनआप्पा गप्पा माराले थांबला. मंग मारतो गप्पा. नहीतर घरी बोलाले कोन आहे? घरवाली कलाबाई गेली. पोरगा योगराज कडोदऱ्याले, बायकापोरांसंगे.

डॉ. हर्षदा – पाय लांब करा. हाताचं प्रेशर घेतलं, तसंच घोट्याचं घेते. या यंत्रातून रक्ताचा आवाज येतो. हा उजवा पाय. ऐकलंत?

भिकन – हो. सूं सूं करतंय.

डॉ. हर्षदा – आता डावा.

भिकन – ...यंत्र बंद पडलं का?

डॉ. हर्षदा – यंत्र चालू आहे, काका. रक्तच जेमतेम पोचतंय. नळी आतून बुजलीय. मांडीतून बारीक तार घालून फुग्यानं वाट मोकळी करावी लागेल. उशीर केला, तर पाय जाईल.

भिकन – जाऊ द्या. माले जायाचं कुठं आहे?

डॉ. हर्षदा – योगराजला फोन लावते.

भिकन – नको. त्याची पाळी बुडंल. कारखान्यात बोलनी खाईल.

डॉ. हर्षदा – खाऊ दे. नंबर सांगा.

(फुग्याचा उपचार झाल्यानंतर, वॉर्डात.)

डॉ. हर्षदा – योगराज आले होते ना?

भिकन – आला. नातबी आनली व्हती. ती म्हने, "दादा, केम छो?" आख्खी जिंदगी सुरतेत लूम चालवले, गुजराती काय येत नही? पन तिच्याशी काय बोलू, तेच सुचंना. मंग ती मोबाइल पाहत बसली.

डॉ. हर्षदा – येईल परत.

भिकन – योगराज सांगून गेला, रोज तळवा पाहत जा. आपला तळवा आपल्याले कसा दिसंल? कलाबाई पाहायची.

डॉ. हर्षदा – खाली आरसा धरा. आणि दर आठवड्याला इथं या, मी पाहीन. बघू... पाय गरम आहे. जखमेलाही रंग चढलाय, भरेल हळूहळू. हात ठेवलाय तो कळतोय?

भिकन – नही.

डॉ. हर्षदा – बरं.

भिकन – हात उचलू नका. दिसतोय ना. राहू द्या जरासा.