फोटोवरचा लाल डाग

तेजश्री : पण काकी, वेबसाइटवरचा तुझा फोटो पुसून काय होणार?

आवडी : ऑर्डरी येतील. तुझे काका पोलादपूरला गेलेत, ते यायच्या आत पुसून टाक.

तेजश्री : एवढा छान आलाय. उन्हासमोर नाचणीचा पापड धरून उभी आहेस.

आवडी : पापड कोण बघतो गो? पापडाच्या कडेला माझी बोटं दिसतात. पांढरी.

तेजश्री : कोड कुणाला लागत नाही, काकी. आणि तू माझी काकी आहेस, मी कशाला लपवू तुला?

आवडी : तुला ठावं हाय. लोकांना नाय. महाडच्या बाजारात बसायचे तेव्हा एका बाईनं पापडाचं पाकीट पिशवीत टाकलं होतं. सुटे पैसे परत घेताना माझा हात बघितला. मग पाकीट पिशवीतून काढून खाली ठेवलं. बोलली, "घरी आहेत अजून, विसरलेच." त्या दिवसापासून मी बाजारात बसले नाय.

तेजश्री : काका तर म्हणाले, तुझी कंबर दुखते म्हणून.

आवडी : त्यांनाही तेच सांगितलं. तू वेबसाइट करते बोललीस, तेव्हा बरं वाटलं. कोणी हात बघणार नाय. आणि तू हातच लावलेस तिथं.

तेजश्री : चुकलं माझं, तुला विचारायला हवं होतं. तू म्हणशील तर आत्ता पुसते. पण त्याआधी हे बघ. याला हीट मॅप म्हणतात.

आवडी : हा कसला रंग सांडलाय?

तेजश्री : आपलंच पान आहे. लोक मोबाइलवर जिथं जास्त बोट लावतात तिथं लाल होतं. जिथं कुणी जात नाही तिथं निळं. कोण आलं ते कळत नाही, फक्त बोट कुठं लागलं ते कळतं.

आवडी : माझ्या फोटोवर केवढा लाल डाग हाय!

तेजश्री : सगळ्यात जास्त तिथंच.

आवडी : म्हणजे बघतात नि पळतात.

तेजश्री : पळायचं असतं तर बोट कशाला लावतील? का लावतात ते मात्र हा नकाशा सांगत नाही. पण खाली बघ. ही लांबलचक निळी पट्टी.

आवडी : तिथं काय हाय?

तेजश्री : काकांनी लिहिलेला गावाचा इतिहास. कुणीच वाचत नाही. आणि ऑर्डरचं बटण त्याच्याही खाली. तिथवर कुणी पोचतच नाही.

आवडी : अगो बाई! रात्रभर बसून लिहिलंय त्यांनी.

तेजश्री : काढून टाकत नाही, शेवटी नेते. बटण वर आणते, फोटोला चिकटून. शेजारी तुझा फोन नंबर. आठवडाभर फोटो राहू दे. तरी नको वाटला, तर तुझ्यासमोर पुसेन.

आवडी : आठवडाच हां.

(पुढच्या आठवड्यात, भर दुपारी. आवडीचा फोन वाजतो.)

अनुपमा : हॅलो, पापडवाल्या काकी का? मी अनुपमा, पुण्याहून बोलतेय. वेबसाइटवर नंबर दिसला.

आवडी : हां, बोला ताई.

अनुपमा : मागेही एकदा आले होते तिथे. मागवायचं कसं तेच सापडेना. त्या फोटोवरच बोट आपटत बसले.

आवडी : फोटोवर? कशाला?

अनुपमा : मोठा होतो का बघायला. पापडातून ऊन आरपार दिसतंय हो! माझे इतके पातळ कधी होतच नाहीत.

आवडी : आणि... माझे हात दिसले असतील.

अनुपमा : दिसले ना. त्यासाठीच तर मोठा करत होते. एवढा पातळ पापड बोटांवर पेललात कसा? माझा पोळपाटावरून उचलतानाच दुमडतो.

आवडी : तुम्ही पण लाटता?

अनुपमा : लाटते, पण जमत नाही. पापड मागवायचेच आहेत, पण तेवढं सांगाल का?

आवडी : सांगून नाय समजायचं, ताई. फोनात एकमेकांना बघता येतं, तसं लावता येईल तुम्हाला?

अनुपमा : व्हिडिओ कॉल? लावते की. आत्ता?

आवडी : लावा. पीठ मळलेलंच हाय. तेवढे हात धुवून येते.