अठ्ठावीस वजनाचे तुकडे

विद्यार्थिनी : नाही सर, गळतीच आहे. पंपाकडची झडप बंद केली की निर्वात पेटीत हवा शिरताना दिसते.

सर : अगं, थोडीफार हवा कुणाच्या पेटीत शिरत नाही? उद्या तुझी पीएचडीची तोंडी परीक्षा, आणि तू पाने-पकडी घेऊन काय बसलीस?

विद्यार्थिनी : मगाशी आपला रेणू आत न सोडताच लेझर चालू केला.

सर : नवरदेवाशिवाय लग्न लावलंस. बरं, मग?

विद्यार्थिनी : तरी तुकडे आले. आलेख हुबेहूब तोच.

सर : तोच म्हणजे?

विद्यार्थिनी : आपण कॉम्प्युटरला सांगितलं होतं, लेझरच्या पल्सचा, त्या क्षणभराच्या झोताचा, आकार बदलत राहा, अठ्ठावीस वजनाचे तुकडे वाढले की तो आकार धरून पुढे जा. आपल्याला रेणूतून तुटलेला कार्बन मोनॉक्साइड हवा होता. हवेतल्या नायट्रोजनचं वजनही अठ्ठावीसच, सर.

सर : हे शाळेच्या पुस्तकात आहे.

विद्यार्थिनी : म्हणूनच आपण दोघांनी बघितलं नाही.

सर : हवा असती तर ऑक्सिजनही दिसला असता की! बत्तीसवर.

विद्यार्थिनी : तुम्हीच म्हणालात, बाकीचा कचरा नको, मोजणी फक्त अठ्ठावीसवर लाव.

सर : म्हणजे इतकी वर्षं ते यंत्र...

विद्यार्थिनी : हवेला झोडपायला शिकलं. मन लावून शिकलं, बिचारं.

सर : मी देशोदेशी भाषणं ठोकलीत गं. ‘रेणूला लगाम’.

विद्यार्थिनी : आईनं दारावर ‘डॉक्टर’ची पाटी लावलीय. नोकरीवाले पदवीसाठी थांबलेत. ही परीक्षा गेली तर ते दुसरी कुणी बघतील.

सर : पण परीक्षकांच्या प्रयोगशाळेतही आपली पल्स चालली! स्वतः कळवलंय त्यांनी.

विद्यार्थिनी : त्यांच्याकडेही हवा असेल.

(सर खुर्ची ओढून बसतात.)

सर : परीक्षा पुढे ढकलू?

विद्यार्थिनी : परीक्षक आलेत, सर. खाली चहा पितायत. म्हणाले, एकच प्रश्न विचारणार आहे. हाच आकार का चालतो?

सर : मग झालं तर! त्याचं उत्तर आपलं ठरलेलं आहे. ‘अजून कळलेलं नाही.’ सगळं जग तेच सांगतं.

विद्यार्थिनी : आज सकाळपर्यंत तेच खरं होतं, सर.